दिव्याचा प्लग

मस्कत

ती. आई, इथूनच तुह्या पायावर डोकं ठेवतो.

मी बरा आहो. दोन्ही टाइम पोटभर जेवतो. तुह्या गुडघ्याले आता आराम आहे काय?

फोनवर तुले ऐकू येत नाही, कम्प्युटरवर माह्ये ओठ पाहून समजते. बाबा गेले तवापासून नेट बंद, म्हणून शेजारच्या गोकुळले पाहाले पाठोलं. तो म्हणे, बिघाड काहीच नाही. नेटच्या डब्याचा प्लग काढून तू तिथं बाबांच्या फोटोपुढचा दिवा लावला.

तो दिवा काढू नको, आई. गोकुळ दुसरा बोर्ड बसवून देणार आहे. तोवर मी पत्रं लिहितो.

नेट चालू झालं का, मले आधी बाबांचा फोटो दाखव. मी तर मातीलेही पोचलो नाही.

तुहा,
हर्षल