दीड एमएमचं चिलखत

१६ नोव्हेंबर, रविवार. सकाळ.
खण्ण. खण्ण. दाढी करताना बासष्ट वर्षांपूर्वीचा आवाज कानात वाजला. कुरवंड्याच्या शाळेत चौथीत असताना मी सरदार झालो होतो. वडिलांनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून चिलखत केलं होतं. कविता म्हणताना श्वास घेतला की ते वाजायचं. लोक हसत होते, असं हिरा मरेपर्यंत म्हणायची. आमचं लग्न त्यानंतर तेरा वर्षांनी झालं. तिला काय माहीत?

दुपारी.
काय योग! पिंपळे सौदागरहून नातीचा फोन. वीस डिसेंबरला शाळेचं गॅदरिंग, त्यात चैताली सेनापती. म्हणाली, "आजोबा, तुम्ही चिलखत कराल?" मागून तिचा बाप, आमचा पवन, काहीतरी बोलला आणि फोन कट झाला. त्यांच्या सोसायटीत रेंजचा प्रॉब्लेम आहे.

संकल्प: पत्रा नको. प्लास्टिक. यूट्यूबवर पाहिलं, व्हॅक्यूम फॉर्मिंग म्हणतात. शीट तापवायची, मऊ झाली की साच्यावर टाकायची, खालून व्हॅक्यूम क्लीनरने हवा ओढायची. शीट साच्याला बिलगते. (व्हिडिओत 'चिकटते' आहे. 'बिलगते' माझं.)

१८ नोव्हेंबर.
प्रश्न फक्त जाडीचा. एक एमएम पटकन मऊ होते, पण खांद्याच्या वळणावर ताणून कागदासारखी होणार. दोन एमएम दणकट, पण पोरीला पेलायला हवं. म्हणून दीड. 'दीड' या शब्दातच डौल आहे.
मापं चैताली पाठवणार.

२१ नोव्हेंबर.
मापं आली नाहीत. युनिट टेस्ट असणार. तोवर जाडीचा आणखी अभ्यास केला.
तिने स्टेजवर म्हणायला कविता लिहितो आहे. चोवीस ओळी झाल्या.
"ढाल कशाला, कशास भाला,
पोलादाची छाती माझी!"
प्रामाणिकपणा म्हणून 'पोलादाची' खोडून 'प्लास्टिकची' केलं. मात्रा बिघडल्या. पुन्हा पोलाद.

२४ नोव्हेंबर.
घोरावाडी स्टेशनबाहेर पाट्या करणाऱ्या निवृत्तीला फोन केला. पांढरी शीट, जाडी दीड. तो म्हणाला, "दीड ना? काढून ठेवतो." कमी बोलणाऱ्या माणसावर विश्वास बसतो.

२७ नोव्हेंबर.
शीट आणली. जड आहे. लोकलमधून उतरताना एका बाईने विचारलं, दार बसवताय का? घरी पट्टी लावली. जवळजवळ पाच एमएम! निवृत्तीला फोन. म्हणाला, "आबा, आमच्यात दीड म्हंजे दीड सूत. माझ्यासारख्या सुताराच्या पोराला एमएम कोण सांगतं?" एक सूत म्हणजे तीन एमएमच्या वर. हे मला माहीत होतं, त्या वेळी आठवलं नाही इतकंच.
विचारांती: चूक झालेली नाही. सेनापतीला जाडच शोभतं.

३० नोव्हेंबर, रविवार.
चाचणी. मापं नसल्यामुळे गणपतीच्या सुट्टीतल्या फोटोवरून अंदाजाने प्लास्टरचा साचा केला, छातीवर सूर्य कोरला. दोन इलेक्ट्रिक शेगड्यांवर शीट धरली. वीस मिनिटं झाली, वाकेना. शेजारची शालूबाई कुंपणावरून बघत होती. तिने तीस वर्षं चिक्कीच्या कारखान्यात पाक काढला आहे. म्हणाली, "भाऊ, मधी झोळ पडंस्तवर हात लावू नगा. कच्चा पाक हाय ह्यो."
चाळीस मिनिटं. कडांना धूर, मध्य ताठ. क्लीनर किंचाळला आणि कायमचा गप्प झाला. शीट साच्यावर टेबलासारखी आडवी. शालूबाई म्हणाली, "ह्याच्यावर चिक्की लय झ्याक लाटता यील."
दुर्लक्ष केलं.

३ डिसेंबर.
पवनला फोन केला. मीटिंगमध्ये होता. मेसेज आला: "बाबा नंतर बोलतो." नंतर बोलणार आहे.

६ डिसेंबर.
सकाळी विहारात जाऊन आलो. दोघातिघांनी विचारलं, पवन नाही आला यंदा? म्हटलं, चिलखताच्या गडबडीत आहे. सगळ्यांना कौतुक वाटलं.

९ डिसेंबर.
निवृत्तीने एक जाडीची एक आणि दीडच्या दोन शीट दिल्या. या खेपेला एमएम. क्लीनर शालूबाईच्या सुनेचा.
एक एमएम: चार मिनिटांत लोंबली, साच्यावर टाकली, खांद्याला भोक.
दीड एमएम: शालूबाई शेगडीपाशी उकिडवी बसली. मी घाई करत होतो. ती म्हणाली, "थांबा. थांबा की वो. आता!" टाकली. क्लीनर सुरू. आणि बिलगली! गळ्याची गोलाई, छातीवरचा सूर्य, सगळं उठून आलं. मी अंगणात उभा राहून चोवीसच्या चोवीस ओळी म्हटल्या. शालूबाईने ऐकून घेतल्या.
मग तिने चिलखत हातात धरलं, उलटसुलट केलं. म्हणाली, "जाडीचं लय झालं, भाऊ. माप कुणाचं ह्ये? नवव्या-धाव्या वर्साची पोर मावंल ह्याच्यात. तुमची तेरावी लागली म्हणता ना?"
फोटो पुन्हा पाहिला. खाली तारीख २०२२ दिसते. मोबाइल कधीकधी तारखा चुकीच्या दाखवतात.

११ डिसेंबर.
गेल्या तीन गणपतींतले फोटो शोधले. एक डोंगराचा, एक डॅमचा, एक माझ्याच बोटाचा. चैताली कशातच नाही. माझ्याकडूनच काढायचे राहिले असणार.
मुली या वयात फारशा वाढत नाहीत, असं वाचल्यासारखं वाटतं.

१२ डिसेंबर.
ठरलं. रविवारी टेप घेऊन स्वतः जायचं. तासाभराचा प्रवास. दाराची बेल वाजवायची, चैतालीला उभं करायचं, छाती, खांदे, उंची. चहासुद्धा नको म्हणायचं. नवा साचा एका दिवसात होतो. दीड एमएमची एक शीट शिल्लक आहे.

१४ डिसेंबर, रविवार.
गेलो नाही. गुडघा. शिवाय मेगाब्लॉक असेल तर काय घ्या. न कळवता जाणं बरं नाही, आणि कळवलं तर ते म्हणतील या.
नाही म्हटले तर?
म्हणून कळवलं नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार. दुपारी साडेतीन.
बेल वाजली. शालूबाई असेल म्हणून शेगडी बंद न करताच दार उघडलं. हेल्मेट घातलेली कुरिअरवाली मुलगी. तिच्या कमरेएवढं खोकं. म्हणाली, "काका, पवन इथंच राहतात ना?"
मी म्हटलं, राहायचा.
खोक्यावर छापलं होतं: सेनापती चिलखत, रंग चंदेरी, वय १२ ते १४.
ती म्हणाली, "ओटीपी सांगा. त्यांच्या मोबाइलवर गेला असंल."
पवनला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. कुरिअर आलंय म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, ॲपमध्ये जुना पत्ता राहिला वाटतं. चैतालीच म्हणाली होती, आजोबांना कशाला त्रास."
मी म्हटलं, त्रास कसला. आणि विचारलं, जाडी किती आहे रे याची?
तो म्हणाला, "बघितलं नाही, बाबा. उद्या कुणाला तरी पाठवतो घ्यायला. ओटीपी सांगू?"
सांग म्हटलं.
मुलीने हेल्मेटची काच वर केली. पवन सांगत गेला तसा मी एकेक आकडा मोठ्याने म्हटला. सात. शून्य. सात. तीन.