आबांनी गाळलेली निवडणूक

देवगाव फाटा, ता. सेलू
१६ फेब्रुवारी २०२६

प्रिय भागवत भाऊजींस,

राजेश्री वहिनीचे आशीर्वाद. पुण्यात तुम्ही खुशाल असाल असं धरून चालते. फोन लावला होता, पण माझा आवाज ऐकताच तुम्ही तो कापलात. मग तुमच्या दोस्ताकडून, गोपाळकडून पत्ता घेतला. पत्र काही कापता येत नाही, फाडायचंच असेल तर निदान वाचून फाडा.

हरभरा घरात आला. ज्वारी अजून उभी आहे. आई जेवतात, पण धरून ताटावर बसवावं लागतं. मी लिहितेय हे तुमच्या दादांना ठाऊक नाही. मागणं एकच आहे, ते आधीच सांगते. रविवारच्या आत घरी या.

आबांना आपल्या मतदारसंघाच्या सगळ्या निवडणुका तोंडपाठ, हे मी तुम्हाला काय सांगू! कोण कोणाला पाडून आला, कोणत्या गावानं ऐनवेळी दगा दिला, आपलं गाव एका मतदारसंघातून उचलून दुसऱ्यात कधी टाकलं, सगळं. आणि गावची ती रीत! जिंकलेल्यांनी आधी हरलेल्याच्या दारात जायचं, त्याच्या हातून गुलाल लावून घ्यायचा, मगच मिरवणूक काढायची. आपली बाजू पडली की आबा ताट घेऊन दारात उभे राहायचे, वर चहा पाजून चिडवायचे, "उधळा बाबांनो आता, पुढच्या बारीला आमी हावच."

मग पक्ष फुटला. पुढाऱ्यांचे दोन गट झाले म्हणून घराचेही दोन करायची तुम्हा भावांना काय घाई झाली होती? मागच्या विधानसभेला दादा एका गटाच्या टेबलावर, तुम्ही दुसऱ्याच्या. निकाल तुमच्या बाजूनं लागला. आबा नेहमीसारखे ताट घेऊन उभे राहिले. तुमची मिरवणूक डीजे वाजवत दारावरून गेली, तुम्ही जीपवर उभे होतात, आणि ती थांबली नाही. दादा म्हणाले, "आबा, आत चला. त्यो आता आपला न्हाई." डीजेचा आवाज विरेपर्यंत आबांनी ताट खाली ठेवलं नाही. मला त्या दिवशी तुमचा राग आला, तो अजून गेलेला नाही. दादांचाही आला, पण त्यांच्याशी रोज बोलावं लागतं.

तुम्ही पुण्याला निघून गेलात. या थंडीत आबांनी अंथरूण धरलं. पडल्या पडल्या निवडणुका म्हणायचे, अगदी पहिलीपासून. मागचीपाशी आले की गप्प. एकदा मी मुद्दाम विचारलं, "आबा, मागच्या वेळी कोण आलं?"

"मागची झालीच न्हाई, बाई. भागवत घरी आल्यावर व्हनार हाय."

भाऊजी, किती आडवळणं घेऊ? शुक्रवारी सकाळी आबा गेले. अग्नी दादांनी दिला. तुम्हाला कळवायचं नाही अशी त्यांनी सगळ्यांना शपथ घातली. गावानं ती पाळली. आजपर्यंत मीही पाळली.

दोन्ही गटांचे पुढारी भेटायला आले, एकाच गाडीतून. झेडपीला त्यांची युती झाली म्हणे. आपल्या ओसरीवर मांडीला मांडी लावून चहा प्याले. एकानं विचारलं, "धाकटा कुटं दिसत न्हाई?" दादा रिकामे कप उचलून आत गेले. फाट्यावर श्रद्धांजलीचा बॅनर लागलाय. आबांच्या फोटोच्या वर त्या दोघांचे फोटो शेजारी शेजारी आहेत. खाली 'शोकाकुल' म्हणून भावकीची, पाहुण्यारावळ्यांची नावं आहेत. तुमचं नाही.

रविवारी दहावा आहे. दादा तोंड फिरवतील, कदाचित दारही लावून घेतील. दार मी उघडीन. आबांसाठी तुम्हाला उशीर झाला. आईसाठी होऊ देऊ नका, त्या रोज बसचा आवाज आला की उठायला बघतात.

तुमच्या वाटणीचं पाणी आबांच्या तोंडात घातलेली,
तुमची वहिनी
राजेश्री