वळणापलीकडची खोली

तीर्थरूप मामांना,

बडबडीचा, ड्यूटीच्या चपला काढून केलेला नमस्कार. तुमची तब्येत कशी आहे? मामींचे गुडघे फक्त जिना चढताना कुरकुरतात, की आता उतरतानाही? आमच्याकडे सगळं ठीक. हे निवृत्त झाल्यापासून घरातल्या बिजागऱ्यांना तेल घालत फिरतात, त्यामुळे कोण कधी घरात आलं आणि कधी गेलं, काही म्हणता काही कळत नाही.

मागे फोनवर तुम्ही विचारलंत, "काय गं, आम्ही बांधलेलं हॉस्पिटल कसं वाटलं?" आणि मी "छान!" म्हणून मोकळी झाले. तेव्हा वॉर्डात होते, समोरच्या पेशंटचं सलाईन संपत आलेलं, त्यामुळे तेवढंच जमलं. आज सुट्टी आहे, तर सविस्तर सांगते. इमारत छानच आहे, मामा. बाहेरून लोक फोटो काढतात. परवा तर एक नवं लग्न झालेलं जोडपं फोटोग्राफर घेऊन आलं आणि आमच्या हाडांच्या डॉक्टरांना "काका, जरा बाजूला होता का?" म्हणालं. (झाले बिचारे. आत ऑपरेशनची तयारी झालेली होती, तरी झाले.) दारावरच्या पाट्यांची अक्षरं तुम्ही भिंतीच्याच रंगाची ठेवलीत, तीही देखणी आहेत, फक्त वाचता येत नाहीत. एक गृहस्थ आपल्या व्याह्यांना भेटायला आले आणि भलत्याच पेशंटशेजारी बसून त्याला चांगला धीर देऊन गेले. पेशंटनं तक्रार केली नाही. उलट दुसऱ्या दिवशी मलाच विचारलं, "सिस्टर, कालचे पाहुणे आज नाही आले?" संडासाचं दार आतल्या बाजूला उघडतं. म्हणजे वॉकर घेऊन आत शिरलेल्या आजींना दार लावायचं असेल तर आधी वॉकर बाहेर काढावा लागतो, आणि वॉकर बाहेर काढला तर आजी उभ्या कशा राहणार? त्या दार उघडं ठेवून मोठ्यानं गप्पा मारत बसतात, म्हणजे सगळ्यांना कळावं की आत कुणीतरी आहे.

आता मुद्द्यावर येते. तुमचा तो वळणदार पॅसेज. नकाशात तो चंद्रकोरीसारखा दिसतो, असं तुम्ही आम्हाला उद्घाटनाच्या दिवशी सांगितलं होतंत. पण मामा, आम्ही नकाशात काम करत नाही. आमचं टेबल लिफ्टपाशी, एका टोकाला. तिथून सुरुवातीच्या खोल्या दिसतात आणि मग नुसती भिंत. वळणापलीकडे कोण उठलं, कोण पडलं, काही दिसत नाही. म्हणून आम्ही सारख्या चालत असतो. माझ्या हाताखालची एक नर्स म्हणते, "सिस्टर, मला सासर लांबचं मिळालं म्हणून आई रडली होती. तिनं आपला वॉर्ड बघायला हवा होता."

आणि गंमत अशी, की सगळ्यात चांगली खोली नेमकी वळणापलीकडची, शेवटची. तिथल्या खिडकीबाहेर तुम्ही न तोडता राखलेलं ते मोठं झाड आहे. (यासाठी मात्र तुमच्या पाया पडते.) तिथला पेशंट कमी कण्हतो, गोळ्या कमी मागतो, पाखरं बघत बसतो. त्यामुळे ती खोली सगळ्यांनाच हवी असते, आणि आम्हाला तीच सगळ्यात कमी दिसते.

पोटाचं ऑपरेशन झालेले एक निवृत्त बसड्रायव्हर त्या खोलीत होते. आम्ही त्यांना ड्रायव्हरकाका म्हणायचो. त्यांना साखरेचा त्रास, म्हणून मी म्हटलं, "काका, माझ्या टेबलाजवळच्या खोलीत या." ते म्हणाले, "सिस्टर, जन्मभर समोरच्या काचेतून बाहेर बघितलंय. आता भिंतीकडे तोंड करून झोपवू नका." माझं मन विरघळलं. त्या दुपारी त्यांची साखर एकदम उतरली. बेल खाटेखाली घरंगळलेली. ते हाका मारत होते आणि मी वळणाच्या अलीकडे औषधं लावत बसले होते, मला काडीचं ऐकू आलं नाही. पण तुम्ही इमारतीच्या मधोमध थेट छतापर्यंत मोकळी जागा सोडली आहे ना, तिच्यातून आवाज वर गेला. वरच्या बाळंतिणींच्या वॉर्डातल्या आयाबाईंना ऐकू आला आणि त्यांनी कठड्यावरून वाकून खाली आरोळी ठोकली, "अगं, तुमचा माणूस बोलावतोय! आमच्याकडे सगळ्या बायकाच आहेत!"

मी धावले, मामा. इतकी की एक चप्पल पॅसेजमध्येच राहिली. काका घामानं निथळलेले, डोळे पांढरे होऊ लागलेले. शिरेतून ग्लुकोज दिलं. हळूहळू नजर स्थिर झाली, त्यांनी मला ओळखलं आणि म्हणाले, "आलात. फार लांबून आलात." ते हसत होते, पण मला हसू आलं नाही. खाटेखालची बेल काढून त्यांच्या उशीला बांधली आणि तिथल्याच खुर्चीवर बसले. आयाबाईंनी कठड्यावर वाकायच्या ऐवजी त्या वेळी बाळाचं दुपटं बदलायला घेतलं असतं तर, एवढंच मनात येत होतं.

काका ठणठणीत होऊन घरी गेले. मी मात्र बसड्रायव्हरसारखा विचार करू लागले, की समोरचं आणि मागचं दोन्ही दिसेल अशी जागा या वॉर्डात कुठली? तर वळणाच्या ऐन पोटात चादरींची खोली आहे. चादरी लिफ्टपाशी हलवल्या, आम्ही आमच्या खुर्च्यांसकट चादरींच्या जागी गेलो. आता तिथून पॅसेजची दोन्ही टोकं दिसतात. पोरी कमी चालतात, पेशंटशी जास्त बोलतात. शेवटच्या खोलीतल्या माणसानं नुसता हात हलवला तरी कळतं. झाडही त्याचं, आणि आम्हीही त्याच्या. बाकी सगळं क्षेम. मामींना सांगा, मलम चोळून लगेच गार पाण्यात हात घालू नये.

तुमची,
बडबडी

ता. क. चादरींच्या खोलीतून पॅसेज दिसतो म्हणाले, तर तुम्ही म्हणाल, मधली भिंत? ती पाडली. सगळी नाही, खिडकीएवढी. (गेल्या महिन्यात "मामा, माझ्या स्वयंपाकघरातली विटांची पातळ भिंत पाडली तर वरचं छत खाली येईल का?" असं मी विचारलं आणि तुम्ही "नाही येणार" म्हणालात, ते आमचं स्वयंपाकघर नव्हतं. आमच्या देखभाल इंजिनिअरनंही नंतर खात्री करून घेतली, तेव्हा काळजी नसावी.) विश्वस्तांनी विचारलं, एवढ्या सुंदर भिंतीला भोक कुणाच्या परवानगीनं पाडलं? मी म्हटलं, "मामांच्या." तरी कृपा करून तसं दोन ओळींत लिहून पाठवावं. तारीख जरा मागची घालावी.

ता. क. दुसरा. खरं तर पत्र याच्यासाठी लिहायला घेतलं होतं आणि वाहवत गेले. मामींनी सांगितलं, की हर्नियाचं ऑपरेशन तुम्ही सारखं पुढे ढकलताय, कारण तुम्हाला हॉस्पिटलची भीती वाटते. मामा, आयुष्यभर हॉस्पिटलं बांधलीत आणि एकाही खाटेवर कधी आडवे झाला नाहीत! माझ्या वॉर्डात या. शेवटची खोली सोमवारी रिकामी होतेय, मी कुणाला देत नाही. रात्रीची ड्यूटीही मागून घेतलीय. तुम्ही कूस बदललीत तरी मला बसल्या जागेवरून दिसेल.

आणि हे पत्र मामींनी वाचायला मागितलं, तर त्यांना फक्त एवढाच ता. क. दाखवा. ड्रायव्हरकाकांचं वाचलं तर त्याच तुम्हाला येऊ द्यायच्या नाहीत.