संन्यास राहून गेला

आई, लांबूनच तुझ्या पाया पडतो.

मी आश्रमात कायमचा राहायला जातोय असं लिहिलं आणि तू जेवण सोडलंस, हे ताईने कळवलं. आधी दोन घास खा, मग पुढे वाच.

मी गेलो होतो. महाराज म्हणाले, डोळे मिटा, मन रिकामं करा. माझ्या मनात कधी मोटारसायकल, कधी नवे बूट. शेवटी सगळं शांत झालं, तर हात आपोआप समोरचं बाकडं चाचपायला लागला. लाकडाला पॉलिश करणाऱ्याचा हात तो, गप्प कसा बसेल?

महाराजांनी विचारलं, "काय गवसलं?"

"बाकडं खरखरीत आहे, महाराज. नीट घासलेलंच नाही."

सगळे हसले. महाराजही हसले. "मग घास की, बाबा!"

दुपारभर घासलं. तेवढा वेळ मला काही म्हणजे काही नको होतं. ते बघून महाराज म्हणाले, "हे तुला तुझ्या कामावर मिळतंय, मग घर कशाला सोडतोस?"

म्हणून कारखान्यात परत आलोय. भुशाने जरा खोकला येतो, बाकी मजेत. बाबांचा गुडघा कसा आहे?

माझ्यासाठी मुलगी बघणं थांबवलं असशील तर पुन्हा सुरू कर. फक्त तिच्या घरी आश्रमाचं बोलू नकोस, उगाच बिचकतील.

तुझाच,
धाकटा