दिवस मोठा होईपर्यंत

प्रिय एइकिची,

ओढ्यापलीकडची तुझी तुती इथून दिसते. परत आलेल्या थंडीने पानं काळी पडून फांदीवरच लोंबताहेत. आमची या आठवड्यात उघडली.

यंदा बर्फ फारच लवकर वितळला. तुझ्या सासऱ्यांनी दक्षिणेकडून आणलेली झाडं नुसत्या उबेवर जागी होतात, ती फसली. बाबांनी कलमं केलेली आमची झाडं कितीही ऊब मिळाली तरी दिवस मोठा होईपर्यंत कळी सोडत नाहीत. त्या गरम दिवसांतही सूर्य हिवाळ्याच्याच वेळेला डोंगराआड जात होता. तू कोंब तेवढे बघितलेस आणि अंडी लवकर फुटू नयेत म्हणून डोंगरातल्या थंड विवरात ठेवलेले रेशीमकिड्यांच्या अंड्यांचे कागद सगळ्या गावाच्या आधी घरी आणलेस. ते पाठीवर घेऊन आमच्या दारावरून जाताना म्हणालास, “काय फुसाए, तुमची झाडं अजून पांघरुणातच?” मी म्हटलं, “हो ना, आळशीच ती.” थंडी एकदा तरी परत येणार, हे मला माहीत होतं. मी बोलले नाही.

आळशी हा शब्द तुझाच. आपलं ठरलेलं लग्न तू मोडलंस त्या वर्षी, कोष विकून झाल्यावरच्या मेजवानीत तू सगळ्यांसमोर म्हणालास, “तिला घरी आणली असती, तर बापाच्या तुतीसारखी सगळं गाव हिरवं झाल्यावर डोळे उघडले असते तिने!” लोक हसले. बाबा तिथेच बसले होते. तेही हसले. तुझा पेला त्यांनीच भरला. घरी येऊन ते जेवले नाहीत आणि पुन्हा कुठल्या मेजवानीला गेले नाहीत. ते गेले तेव्हा तू उदबत्ती लावायला आलास. नमस्कार अगदी रीतसर केलास.

काल तुझी आई मागच्या दाराने आली. पाठीला रिकामी पाटी. आईने तिला चहा दिला, मुळ्याच्या पाल्याचं लोणचं दिलं. तुझी आई म्हणाली, “अगं, अळ्यांनी दुसऱ्यांदा कात टाकलीय. माना वर करून पानाची वाट बघतात. बघवत नाही गं.” आई माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, “काकू, एइकिचीला लिहून कळवते.” तिने माझे दोन्ही हात कपाळाला लावले. तिला ते हो वाटलं.

म्हणून हे पत्र. तोडण्याजोगी होती ती सगळी पानं आज सकाळी मी वरच्या आळीत वाटून टाकली. तुझं घर हाकेच्या अंतरावर आहे, पण पत्र मी टपालात टाकते आहे. ते आधी शहरात जाईल, शिक्का बसेल, मग परत येईल. तोवर तुम्ही माझ्या उत्तराच्या भरवशावर राहाल. दुसऱ्या कुणाकडे पानं मागायला जाणार नाही. तू हे पाकीट फोडशील तेव्हा तुझ्या घरात अळ्यांच्या सुपांवर काही हलत नसेल.

तुझी न झालेली,
फुसाए