मुंबईचं दुखणं

९ फेब्रु., सोम.
बांगडे साफ करत होते. ऋचा शाळेतून आली ती दप्तर न टाकताच म्हणाली, "आई, आज कंडोम शिकवला." बांगडा हातातून सटकला. नववीतली पोर! सिव्हिल हॉस्पिटलच्या समुपदेशक बाई वर्गात आल्या होत्या. त्यांनी विचारलं, एचआयव्ही कुठून होतो? अर्धा वर्ग ओरडला, "मुंबईहून!"
पोरांचं काय चुकलं? आमच्या पावस गावात सगळे तेच म्हणतात, मुंबईचं दुखणं. खरं नाव घेतंय कोण.

१० फेब्रु.
आज आमच्या ऋचा बाईसाहेब भांडून आल्या. वर्गातला साहिल म्हणे, "तुझा बाबा मुंबईलाच ना? त्याच्या ताटात जेवू नको हां." सगळे खिदळले, हिची मैत्रीणसुद्धा. ही उभी राहिली. "जेवणार! ताटातून होत नाही, काल झोपला होतास काय? असुरक्षित संबंधातून होतो, वापरलेल्या सुईतून होतो. शिमग्याला तुम्ही सगळे एकाच सुईने टॅटू काढणार ना? आधी त्याचं बघा. माझे आईबाबा टेस्ट करणार आहेत. तुझे?"
आम्ही? कधी ठरलं??
खूप ओरडले. मग मोरीत जाऊन एकटीच हसले. हिच्या वयात मी मैत्रिणी हसतील म्हणून तोंड उघडत नव्हते. हिच्यात कुठून आलं हे, देव जाणे.

१४ फेब्रु., शनि.
टॅटू काढणाऱ्या पोरांतले दोघं गळले. साहिल नाही. पण हिला बाजूला गाठून विचारलंन, "टेस्टला दुखतं काय गो?" ही हसली नाही, नीट सांगितलंन. वा गो बाय!
यांना फोनवर टेस्टचं कसं सांगू? रोज फोन येतो, रोज आंब्याच्या मोहोरावर बोलून ठेवते.

२८ फेब्रु., शनि.
हे शिमग्याला आले. ऋचाने यांच्याच ताटातला तुकडा उचलला आणि सगळं सांगून टाकलंन. ती झोपल्यावर हे मला म्हणाले, "संशय आहे तुझा?"
"मीपण करणारच आहे ना."
संशयाचं राहू दे, मला त्या रिपोर्टचीच भीती वाटते.

१ मार्च, रवि.
संध्याकाळी बघते तर हे शर्टाला इस्त्री करतायत.
"कुठे?"
"उद्या सिव्हिलला."
"रक्त द्यायला इस्त्रीचा शर्ट?"
"पोरीने भर वर्गात शब्द दिलाय. चुरगळलेला घालून जाऊ?"
मग म्हणाले, तुझी साडीपण दे.
दिली.