साक्षीतल्या दोन ओळी

सर,

तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच तुम्हाला लिहितोय, आणि तेही एक काम टाळायला. शनिवारची दुपार आहे. खालच्या रस्त्यावर तुर्भ्याकडे जाणारे ट्रक खोळंबलेत आणि एकसारखे हॉर्न वाजवतायत. पाळक व्हायला सेमिनरीत आलेली पोरं उद्याच्या निरोपाच्या उपासनेसाठी चॅपलमधल्या खुर्च्या पुसतायत. मी आता तुमच्याच खोलीत बसतो. टेबल बदललं, पंखा बदलला, आणि दारावर पाटी आली: आध्यात्मिक व शील घडण विभाग. तुमच्या वेळी याला विभाग नव्हता. तुम्ही शनिवारी मेसमध्ये आमच्याबरोबर मेथी निवडायला बसायचात, तेवढंच.

आता फॉर्म असतो. प्रार्थना, नम्रता, आज्ञापालन, साक्ष, प्रत्येकाला पाचपैकी मार्क. मागच्या महिन्यात एक विद्यार्थी येऊन म्हणाला, "सर, नम्रतेत तीनच दिलेत. एक वाढवा ना, प्लीज." असल्या गोष्टींवर आपण दोघं किती हसलो असतो. मला हसूसुद्धा आलं नाही. दमायला झालं नुसतं, आणि वाद नको म्हणून मी एक वाढवून दिला.

साक्षीची गुरुवारची बैठक मात्र तुमच्या वेळेपासून तशीच आहे. गोल करून बसायचं आणि देवाने आपल्याला कुठून कुठे आणलं ते एकेकाने सांगायचं. खड्डा जितका खोल तितकी साक्ष भारी, हे कुणी शिकवत नाही, पण पहिल्या महिन्यातच ते सगळ्यांना कळतं. मी इथे विद्यार्थी होतो तेव्हा मलाही कळलं होतं. कुणी गांजातून सुटलेला, कुणी मारामाऱ्या करून आलेला, आणि मी तिसऱ्या पिढीचा ख्रिस्ती. बाप्तिस्मा पाळण्यात असताना झालेला, आई मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, पेटी वाजवणारी, बाबा उरणच्या गोदामात वजनकाट्यावर. माझ्याकडे सांगण्यासारखं होतं काय? म्हणून मी बाबांना दारुडा केलं. तांदळाच्या डब्यात बाटली लपवायचे, पगाराच्या दिवशी पट्टा काढायचे, आणि एका नाताळच्या सकाळी माझ्या प्रार्थनेने सुटले. बोलताना माझा आवाज बरोब्बर हवा तिथे कापला. पोरं रडली. सर, ज्या माणसाने आयुष्यात खोकल्याचं औषधसुद्धा दारूचा वास नाही ना ते बघून घेतलं, त्याच्याबद्दल मी हे बोललो.

आणि मग बाबा मला भेटायला येतात. हातात कापडी पिशवी, तिच्यात आईने दिलेले सुके बोंबील आणि तांदळाच्या भाकऱ्या. ते मेसमध्ये बसलेत आणि पोरं एकेक करून त्यांच्याजवळ जातायत. एक जण दोन्ही हात हातात घेतो, "काका, आम्ही तुमच्यासाठी रोज प्रार्थना करतो. आता परत ती बाटली नको, तो पट्टा नको हां." दुसरा डोळे मिटून त्यांच्या लिव्हरसाठी प्रार्थना करायला लागतो. बाबा माझ्याकडे बघतात. मी ताटाकडे बघतो. मग ते म्हणतात, "करा बाबांनो, प्रार्थना काय, लागतेच." आणि मान खाली घालून आमेन म्हणतात. तुम्ही भाताचं पातेलं धरून मागे उभे होतात. तुम्हाला काय कळलं ते मला तुमच्याकडे न बघताच कळलं.

बस यायला वेळ होता. बाबांनी स्टॉपवर रिकाम्या पिशवीची घडी घातली. मग खरोखर आठवायचा प्रयत्न करत असल्यासारखे म्हणाले, "मी कधी मारलं होतं रे तुला?" मी "नाही" म्हणालो. "मग ठीक आहे," म्हणाले. त्यानंतर घरात तो विषय कधी निघाला नाही. बाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी त्यांची माफी मागितली नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

पुढच्या शनिवारी मेथीची जुडी माझ्यापुढे टाकून तुम्ही म्हणालात, "चांगल्याभल्या बापाला दारुडा केलंस, आणि तोही बिचारा तुझी लाज राखायला दारुडा होऊन बसला. सगळ्यांसमोर सांगायचंस हे. कधी सांगतोस?" मी म्हणालो, "रविवारी." तुम्ही कुठला रविवार ते विचारलं नाहीत, पुन्हा आठवणही करून दिली नाहीत. रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही फक्त दर रविवारी उपासना संपल्यावर जरा जास्त वेळ बसून राहायचात, आणि मी चपला शोधायच्या निमित्ताने बाहेर पडायचो. मग आमची निरोपाची उपासना आली. गुरूने लिहिलेला शेरा घरच्यांसमोर वाचून दाखवायची पद्धत तेव्हाही होती. इतरांबद्दल तुम्ही पानपानभर लिहिलं होतं. माझ्यावर एवढंच: "हा चांगला बोलतो. याच्यासाठी प्रार्थना करा." टाळ्या वाजल्या. बाबांनीही वाजवल्या.

आता टाळतोय ते काम सांगतो. यंदा माझ्या गटात एक मुलगा आहे. आई तुर्भ्याला पॅकिंगच्या कारखान्यात जाते, वडील नाहीत. तीन वर्षं गुरुवारी त्याची पाळी आली की तो एकच सांगतो, "सर, माझ्या लाइफमध्ये कायच झालं नाय. आई प्रार्थना करायची, मी बाजूला बसायचो. तसाच बसतोय अजून." पोरं गालात हसतात. समितीने परवा त्याचं नाव अडवलं. प्राचार्य म्हणाले, "साक्षीत खोली नाही. दीक्षा देऊन मंडळीवर पाठवायचा म्हणजे काहीतरी अनुभव नको? वर्षभर थांबू दे." एक लहानशी मंडळी त्याला पाळक म्हणून बोलावतेय; वर्षभर थांबला तर ती दुसरा कुणी बघणार, आणि त्याची आई कारखान्यात आणखी एक वर्ष ओव्हरटाइम करणार. निर्णय माझ्या शेऱ्यावर ठेवला होता.

सर, लिहायला खरं होतं माझ्याकडे. आमचे वॉचमन चाचा, उरणकडचे, त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. हा मुलगा महिनाभर दिवसातून चार वेळा गेटवर जाऊन त्यांच्या डोळ्यात थेंब टाकत होता. हे मला चाचांनी सांगितलं, "नमाजाची वेळ सांभाळून येतो सर तो. एकदा पन चुकला नाय." मुलाने गुरुवारी यातलं अवाक्षर काढलं नाही, कारण यात सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नाही. हे लिहून मी समितीपुढे ठेवायला हवं होतं. पण डोळ्यातल्या थेंबांवर समिती हलणार नाही असं मला वाटलं. मी इतकी वर्षं या बैठकांना बसलोय, लोक कशाने हलतात ते मला पाठ आहे. मग मी पदरच्या दोन ओळी घातल्या. दुसऱ्या वर्षी याचा विश्वास उडाला होता, बॅग भरून हा पळून निघाला होता, गेटपाशी एक वचन आठवलं आणि परतला. हे त्याने फक्त मला सांगितलं, असंही वर लिहिलं. प्राचार्यांनी वाचता वाचता चष्मा काढून पुसला. मुलगा पास झाला.

उद्या ते त्याच्या आईसमोर वाचलं जाणार आहे. ती नवी साडी नेसून पुढच्या रांगेत बसेल, आणि आपला पोरगा पळून निघाला होता हे तिला माइकवरून कळेल. मुलगा माझ्याकडे बघेल. आणि मग, तो जसा आहे तसा, माझी लाज राखायला तोही मान डोलावेल, याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते. कागद ऑफिसच्या कपाटात होता, किल्ली माझ्या खिशात आहे. पाच वाजता शेरे छापायला जाणार होते. त्याआधी खाली जाऊन तो कागद काढायचा, चाचांचं लिहून ठेवायचं, समितीला काय वाटायचं ते वाटू दे म्हणायचं, एवढंच काम होतं. मी म्हटलं, आधी तुम्हाला दोन शब्द लिहू, म्हणजे धीर येईल.

सव्वापाच झालेत, सर. हॉर्न थांबलेत. शिपाई येऊन दुसऱ्या किल्लीने कपाट उघडून शेरे घेऊन गेला, मला त्याच्या चपलांचा आवाज आला होता. मी लिहीत राहिलो. अजून सकाळ आहे, उपासनेआधी मी उभा राहून सांगू शकतो, आणि उद्या रविवारच आहे. पण माझं रविवारचं तुम्हाला माहीत आहे. हे पत्र तुम्हाला कुठे पाठवणार, टेबलाच्या खणात टाकीन. फक्त एक कबूल करतो, बाकी कुणाला सांगता येणार नाही म्हणून. बॅग निळी होती आणि तिची चेन तुटलेली होती, असंसुद्धा मी लिहिलंय. ते चेनचं सुचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.